चार बोटं समास

एका तालुक्याच्या गावी एकदा एक वृद्ध छापखानेवाला राहत होता. हाताने ओढायचं एक जुनं यंत्र, शिशाच्या अक्षरांच्या खिळ्यांनी भरलेले लाकडी खण, पुस्तक दाबून धरणारा शिसवी शिकंजा आणि कागद कापायची एक लांब सुरी, एवढीच त्याची दौलत. गाव त्याला आप्पा म्हणत असे. छापखान्यापलीकडे आप्पांना कुणी नव्हतं, मूलबाळही नव्हतं. शिष्य मात्र दोन होते.

थोरला केरबा. मिसरूड फुटायच्या आधी आला आणि तिथेच कानशिलं पांढरी केली. शिवण, बांधणी, कापणी, सगळं त्याच्या हातातलं. धाकटा दौलू फार मागाहून आला. डोक्याला चपचपीत तेल, ओठांवर सदा शीळ. पण खिळे जुळवायला बसला की त्याच्या बोटांत काय संचारत असे देव जाणे. त्याने जुळवलेलं पान पाहिलं की वाचणाऱ्याच्या आधी डोळाच सुखावायचा. ओळ ओळीखाली, अंतर अंतरासारखं, आणि चारही कडांना मोकळी कोरी जागा. त्या कोऱ्या कडेला छापखान्यात समास म्हणतात. दौलू भोवताली चार बोटं समास सोडायचा, आप्पांनी शिकवला तसा.

येत्या खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली की छापखान्याची किल्ली दोघांपैकी एकाच्या हाती द्यायची, हे आप्पांनी चारचौघांत बोलून टाकलं होतं. कोणाच्या हाती, ते मात्र बोलले नव्हते.

झालं. केरबाची झोप उडाली.

मत्सर म्हटला की लोक बायकांकडे बोट दाखवतात. पाणवठ्यावरच्या दोन बाया दाखवतात, एका चुलीवरच्या दोन जावा दाखवतात. मी म्हणते, त्या लोकांनी एकदा या छापखान्यात येऊन बसावं. इथे एक धडधाकट पुरुष दुसऱ्या पुरुषाच्या शीळ घालण्यावर जळत होता! चहा आला की आप्पांनी पहिला पेला कोणाकडे सरकवला, हे तो बघायचा. दौलूच्या पानाला आप्पा "वा" म्हणाले की तो चिकटवायच्या खळीचं भांडं उगाच ढवळत बसायचा. दौलू खोकला तर त्याला बरं वाटायचं, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःचीच शिसारी यायची. ती शिसारीसुद्धा मग तो दौलूच्याच नावावर टाकायचा. छापलेली पानं दोरीवर वाळत असली की हा कामाचं निमित्त काढून खालून फिरायचा आणि चूक शोधायचा. एखादा मोडका काना, एखादी वाकडी मात्रा. सापडत नसे. चूक सापडली असती तर माणूस शांत झाला असता. सापडत नव्हती, हेच त्याला खात होतं.

अशात एक धान्याचा व्यापारी छापखान्यात आला. त्याचे वडील गुरांवर फार जीव असलेले. त्यांच्या नावाने काहीतरी करावं म्हणून त्याने एका म्हाताऱ्या धनगराकडून गुरांच्या दुखण्यांवरचे उपाय सांगून घेतले होते. पोट फुगलं तर काय पाजायचं, खूर सडला तर काय बांधायचं, गाय अडली तर काय करायचं. त्याचं पुस्तक करून आसपासच्या प्रत्येक गावाला एकेक प्रत बैलपोळ्याला द्यायची, अशी त्याची इच्छा होती. त्या गावांत गुरांचा डॉक्टर वेळेवर पोचत नसे. पुस्तक पोचलं तर एखादी गाय वाचणार होती.

आप्पांनी खिळे जुळवायचं काम दौलूला दिलं आणि बांधणी-कापणीचं केरबाला.

"म्हणजे पुस्तक त्याचं," केरबा घरी बायकोला म्हणाला, "आणि झाडलोट माझी."

बायको भाकरी थापत होती. ती म्हणाली, "कापणं म्हणजे झाडलोट व्हय? मग इतकी वर्षं तुम्ही झाडूच मारत होता म्हणा की."

केरबा ताटावरून उठला.

दौलूने पुस्तक जुळवलं, छापलं, खिळे पुन्हा आपापल्या खणांत टाकले. पुढच्या कामाला खिळे लागतात, ते कोणी पुस्तकासाठी अडवून ठेवत नाही. केरबाने घड्या घातल्या, शिवल्या. आता कडा सारख्या कापायच्या आणि पुठ्ठा चढवायचा, एवढंच राहिलं होतं. तेवढ्यात व्यापारी हातगाडीवर सागवानी पेट्या लादून हजर झाला. प्रत्येक प्रतीला एक पेटी. पुस्तक गोठ्यात राहणार, वाळवी लागू नये, म्हणून मुद्दाम करून घेतलेल्या. पितळी कडी, वर वडिलांचं नाव कोरलेलं.

पुस्तक पेटीत जाईना.

"सुताराला काय माप दिलं होतं, शेठजी?" आप्पांनी विचारलं.

"तुमच्याच माणसाने दिलेलं कच्चं पान दिलं होतं की! सुताराने छापील मजकुराचं माप घेतलं, वर थोडी जागा सोडली. कोरा कागद कोण मोजतो, आप्पा?"

दौलू हसला. "सुतार बरा म्हणायचा. आमच्याकडे कपडे शिवायला असता तर नुसती हाडं मोजली असती."

सगळे हसले. केरबा हसला नाही. दौलूच्या बोलण्यावर आप्पासुद्धा हसतात, एवढंच त्याला दिसलं.

व्यापारी अजिजीने म्हणाला, "पोळा महिन्यावर आला. नव्या पेट्या होणं नाही. नव्याने छापणंही नाही. मजकुराचा एक शब्द इकडचा तिकडे न होता नुसत्या कडा कापून द्या. म्हणजे बसेल."

आप्पांनी पेटी हातात घेऊन आतून चाचपली. म्हणाले, "बोटभर कापलं की बसतंय. केरबा, पेटीपुरतं काप. हे काम तुझं." आणि सुरी त्याच्या हातात देऊन ते माडीवर पूजेला गेले. दौलू कागद आणायला बाजारात गेला. छापखान्यात केरबा एकटा राहिला.

त्याने पहिली प्रत शिकंज्यात घातली. पेच आवळला. पुढे दौलूचं पान होतं. ओळींचा तो देखणा चौकोन आणि भोवती ऐसपैस कोरी जागा. केरबा बघत राहिला. त्याला वाटलं, हे पान एखाद्या श्रीमंतासारखं अंगण सोडून बसलंय. आपण इतकी वर्षं इथे राबलो, आपल्याला कुठे आहे असं अंगण?

त्याने बोटभर कापलं. पुस्तक पेटीत बसत होतं. काम संपलं होतं.

तो थांबला नाही. त्याने पुन्हा पेच आवळला आणि आणखी कापलं. मग आणखी. सुरी अक्षरांच्या इतकी जवळ नेली की मध्ये नखाएवढी पांढरी रेघ उरली. मनाशी म्हणत होता, शेठनेच सांगितलंय, मजकूर हलता कामा नये. कुठे हलतोय? बघा, काना नाही हलत, मात्रा नाही हलत. एकेक करून त्याने सगळ्या प्रती तशाच कापल्या. हात इतका पक्का की एका अक्षरालाही पातं लागलं नाही. मत्सरी माणसाचा हात थरथरत नाही, बायांनो. थरथरला असता तर निदान कुणी ओळखलं असतं.

दौलू परत आला. पुस्तक हातात घेतलं आणि त्याची शीळ बंद पडली.

"केरबादा, हे काय? एवढं?"

"का? तुझं एखादं अक्षर कापलं का? दाखव."

दौलूने पानामागून पान उलटलं. प्रत्येक ओळीच्या शेवटावरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाला, "नाही."

"एखादी ओळ सरकली?"

"नाही."

"मग रडतोस कशाला? कोऱ्या कागदाला? कोऱ्या कागदावर पण तुझं नाव आहे होय रे?"

दौलूचा चेहरा असा झाला की जणू आंघोळ करताना कुणी त्याचे कपडे पळवले. त्याने प्रत ढिगावर परत ठेवली. आणि केरबाला, कितीतरी दिवसांनी, भूक लागली.

आप्पा खाली आले. त्यांनी एक प्रत उचलली, उलटसुलट पाहिली. रागावले नाहीत. कापलेल्या कागदाच्या पट्ट्यांचा ढीग पडला होता. तो एरवी लगद्याची खेळणी करणाऱ्याकडे जायचा. आप्पा म्हणाले, "हा ढीग पोत्यात भर आणि इथेच ठेव." मग हातातली नवीकोरी प्रत केरबापुढे धरून म्हणाले, "याची शिवण उसव."

केरबाला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "आप्पा, कालच शिवलंय. दोरा पक्का आहे."

"असू दे. उसव आणि पुन्हा शिव."

दौलूही चकित झाला. चांगलं शिवलेलं पुस्तक उसवायचं? पण गुरूची आज्ञा. केरबाने दोरा कापला, घड्या सुट्या केल्या, पुन्हा रचल्या, पुन्हा शिवल्या. त्याच्यासारखा शिवणारा पंचक्रोशीत नव्हता. तरी पुन्हा शिवलेलं पुस्तक पहिल्यासारखं कधीच बसत नाही. दोऱ्याचा ताण निराळा पडतो, घड्या सुताभर पुढे-मागे सरकतात, कडा दातऱ्या होतात. म्हणून दुसऱ्या बांधणीत कडा पुन्हा थोड्या कापून सारख्या कराव्याच लागतात. हे केरबाला ठाऊक नव्हतं असं नाही. तोच दौलूला हे शिकवत असे.

"आता कडा सारख्या कर," आप्पा म्हणाले.

केरबाने पुस्तक शिकंज्यात घातलं. पेच आवळला. सुरी लावली. आणि थांबला.

"काप की."

"आप्पा... जागा नाही."

"कशाला जागा?"

"सुरीला. आता कापलं तर अक्षरं जातील."

"मग या बाजूने काप."

केरबाने पुस्तक फिरवलं. तिकडेही नखाएवढीच रेघ. त्याने उरलेली तिसरी बाजू पाहिली. सुरी हातात तशीच. मग त्याने ती खाली ठेवली.

आप्पांनी पुस्तक शिकंज्यातून सोडवलं. त्यांच्या अंगठ्याला शाई होती, कायमच असे. पान उघडून त्यांनी जसं कुणीही धरेल तसं धरलं. अंगठा सरळ ओळींच्या शेवटावर पडला. त्यांनी वाचायला सुरुवात केली, "गाईचं पोट फुगल्यास तेलात हिंग घालून पाजावा. हिंग घ्यावा..." आणि थांबले. किती घ्यावा, ते अंगठ्याखाली होतं. अंगठा उचलला, तर तिथे शाईचा डाग.

मग ते बाकावर बसले आणि म्हणाले:

"बाळा, हे पुस्तक गोठ्यात राहणार. शेणाचे, तेलाचे, हळदीचे अंगठे याच्यावर उमटणार. ते झेलायला समास असतो. दोरा कुजेल, पुठ्ठा सुटेल, उंदीर कडा कुरतडेल. मग कुणीतरी नव्याने शिवेल आणि कडा सारख्या करील. दर बांधणीला थोडा समास जातो आणि मजकूर वाचतो. चार बोटं समास म्हणजे चार पिढ्यांची बांधणी. ग्रंथाचं आयुष्य अक्षरांत नसतं रे, अक्षरांभोवती असतं. तू मजकुराला धक्का लावला नाहीस, हे खरं. तू फक्त त्याचं पुढचं आयुष्य कापून ठेवलंस. आणि मिळालं काय तुला? दौलूची एक ओळ तरी तुझ्या नावावर सरकली का? तुझ्या वाट्याला आला तो हा पोतंभर कोरा कागद."

आप्पांचा आवाज आणखी खाली आला.

"दौलूची जुळणी चुकली असती तर खिळे मोडून पुन्हा जुळवले असते. कापलेला कागद परत वाढत नाही. ज्या कामात चूक दुरुस्त होत नाही, ते काम मी कोणाच्या हाती दिलं होतं, केरबा? तू त्याला झाडलोट समजलास."

हे मात्र वर्मी बसलं. ज्याच्यावर तो इतके दिवस जळत होता त्यालाच केरबाहून हलकं काम मिळालं होतं. आणि विश्वासाचं काम हातात घेऊन हा जळत बसला होता.

दौलू आता तापला. "बोलून काय होणार, आप्पा? माझं पुस्तक गेलं की! याला पाया पडायला लावा माझ्या."

"पाया पडून समास येतो का?" आप्पा म्हणाले. "येत असेल तर सांग, लावतो."

दौलू पाय आपटत आपल्या खणांकडे गेला. केरबा मात्र त्या पोत्याकडे बघत होता. मग त्याने पोतं ओढलं, जमिनीवर ओतलं, खळीचं भांडं चुलीवर ठेवलं आणि पहिल्या पुस्तकाचं पहिलं पान सुटं करून समोर घेतलं.

पट्टीची कड तासून पातळ करायची, पानाची कड तासून पातळ करायची, मध्ये खळ, वर वजन. एका पानाला तीन कडा, चौथी शिवणीची, आणि समास पेटीत बसेल एवढाच. कितीतरी पानं. श्रावण सगळा त्यात गेला. शेजारपाजारचे येता-जाता टोमणे मारायचे, "काय केरबा, आधी कापतोस, मग चिकटवतोस, छापखाना आहे का पोरखेळ?" तो उत्तर देत नसे. दौलू सुरुवातीला तिकडे फिरकला नाही. पुढे एकदा येऊन खळ बघून म्हणाला, "पातळ झालीय. पावसाळी हवा आहे, धरणार नाही." आणि स्वतःच ती घट्ट करून दिली. बोलला एवढंच. माफी त्यानेही दिली नाही, यानेही मागितली नाही.

पण एक झालं. कडा जोडताना केरबाला प्रत्येक ओळ जवळून पाहावी लागली, चूक शोधायला नव्हे, पट्टी सरळ बसवायला. एका संध्याकाळी तो आपल्याशीच म्हणाला, "चांगलं जुळवलंय लेकाने." म्हणताना दुखलंच. तरी म्हणाला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी व्यापारी आला. पुस्तकं पेट्यांत बसली. चिकटवलेल्या कडांमुळे ती जरा फुगली होती, झाकण दाबून कडी लावावी लागत होती. व्यापाऱ्याने पानं चाळली आणि विचारलं, "या कडा जोडलेल्या का दिसताहेत?"

आप्पा काही बोलायच्या आत केरबा म्हणाला, "मी नको तेवढं कापलं होतं, शेठजी."

"पण मजकूर?"

"मजकूर आहे तसाच आहे. तो दौलूचा आहे."

मग खंडेनवमी आली. यंत्राला हळद-कुंकू लागलं, खणांना झेंडूच्या माळा आल्या. पाटावर किल्ली आणि सुरी शेजारी शेजारी ठेवली होती. आप्पांनी नमस्कार केला आणि किल्ली उचलून दौलूच्या हातात दिली.

केरबाला कळून चुकलं होतं की असंच होणार. कळलं होतं म्हणून कमी जळलं, असं मात्र नाही. छातीत तोच जुना निखारा. तो उठून जायला निघाला.

"सुरी राहिली," आप्पा म्हणाले. "ती मी कोणाला देत नाही. जो भीत भीत वापरील त्याने उचलावी."

केरबा उंबऱ्याशी थांबला. दौलूने किल्ली कमरेला खोचली आणि म्हणाला, "केरबादा, उचल की. मला कापता येत असतं तर मी तुझ्याशी बोललो असतो का?"

आप्पा हसले. आणि या वेळी केरबाही हसला, अगदी थोडं. पण वाकून सुरी न उचलता तो आप्पांजवळ बसला आणि इतरांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "आप्पा, अजून जळतंय. गेलेलं नाही. खोटं कशाला बोलू?"

"जळू दे," आप्पा म्हणाले. "माझंही जळायचं. फक्त सुरी हातात असेल तेव्हा ते कुठवर जाऊ द्यायचं, तेवढं बघ."

केरबाने सुरी उचलली.

दसऱ्यानंतर नवं काम आलं. दौलूने पहिलं पान जुळवलं, कागदावर मांडून पाहिलं आणि आतून ओरडला, "केरबादा, समास किती सोडू?"

केरबा आला. पान सुंदरच होतं. नेहमीसारखंच दुखलं. त्याने कागदाच्या कडेला आपली चार बोटं आडवी ठेवली. मग अंगठाही शेजारी टेकवला आणि म्हणाला, "एवढा."

तुमच्याही हातात कुणाच्या ना कुणाच्या पानाची सुरी असतेच. कापायची वेळ येईल तेव्हा आधी आपला अंगठा ठेवून बघा.